सातवा खंड आणि आमचा दौलत

त्या मंगळवारी शाळेतून घरी आले, तर पाण्याच्या माठावर एक चिठ्ठी चिकटवलेली. सुरेख, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'सदर माठात पिण्याचे पाणी आहे. पेला डावीकडे.'

मला हसूच आलं. माठात पाणी नाही तर काय ताक असणार? मग दिसलं, फ्रीजवरही चिठ्ठी आहे. 'निळी बाटली सकाळी. लाल बाटली जेवणानंतर. उलट करू नये.' खणावर होती, 'चष्मा येथे ठेवला जातो. येथे नसल्यास कपाळावर पाहावे.' घड्याळ, चपला, न्हाणीघराचा नळ, एकही वस्तू सुटली नव्हती. शेवटची चिठ्ठी आबाजींच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूने होती. 'आपले नाव विश्वनाथ देवतळे. मुलीचे नाव वासंती. नातीचे नाव मैथिली. ती साडेचारला येते. ती चिडते, पण लगेच निवळते.'

ही वाचून मात्र मला हसू आलं नाही.

ती चिडणारी मैथिली म्हणजे मीच. तेव्हा मी सहावीत होते. नागपूरच्या आमच्या घरात आम्ही तिघं आणि दौलत. माझी आई संत्र्यांच्या उड्डाणकेंद्रावर काम करते (तिथून ड्रोन संत्र्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव उडतात). आबाजी म्हणजे आईचे वडील. ते शास्त्रज्ञ होते, आणि साधेसुधे नाहीत बरं का! यंत्रमानवाचा स्मृतिकोश (त्याच्या सगळ्या आठवणी साठवणारी, काडेपेटीएवढी डबी) त्यांनी बनवला होता. पण गेल्या दोन वर्षांपासून त्यांची स्वतःचीच आठवण गळायला लागली होती. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात (आठवणी हळूहळू पुसत जाण्याचा आजार). सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. एकदा तर त्यांनी मला विचारलं, "बाळ, तू कोणाची गं?" मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन खूप रडले.

आजार कळल्याबरोबर आबाजींनी एक काम केलं होतं. रोज संध्याकाळी दौलतला समोर बसवून ते त्याला सगळं सांगून ठेवायचे. आजीशी पहिली भेट कुठे झाली, आईला पहिला दात कधी आला, मी झाले तेव्हा ते कोणत्या रस्त्याने दवाखान्यात धावले, सगळं. आता दौलत रोज सकाळी ते थोडं थोडं परत द्यायचा. "साहेब, आज बुधवार. बाहेर थंडी आहे, बंडी घालावी. आपल्या मुलीला लहानपणी आपण वासू म्हणत असू." की आबाजींचा चेहरा उजळायचा. "अरे हो! वासू! कुठे आहे ती?" अन् त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

हा दौलत म्हणजे आमचा यंत्रमानव. सव्वीस वर्षांचा, जुन्या पद्धतीचा, चालताना गुडघ्यात करकरणारा. आबाजींनीच त्याची स्मृती घडवली आणि तो विधानभवनात कामाला लागला. एकोणीस वर्षं त्याने तिथे एकच काम केलं, कागद वाहायचं! तुम्ही म्हणाल, आता कोण कागद वापरतं? पण कायद्याची मूळ प्रत अजूनही कागदावरच असायची, आणि ती या सभागृहातून त्या सभागृहात दौलत न्यायचा, लाल फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून. तो निवृत्त झाल्यावर आबाजींनी त्याला घरी आणलं. तेव्हापासून सात वर्षं आमच्याकडे आहे, पण त्याची ती सवय काही गेली नाही. आई आणि मी भांडायला लागलो की टेबलावर टकटक करून म्हणायचा, "शांतता राखा. एका वेळी एकाच सदस्याने बोलावे."

तर तो दौलत त्या दिवशी स्टुलावर चढून दिव्याच्या बटणाला चिठ्ठी लावत होता.

"दौलत! हे काय करून राहिलास तू?"

"पूर्वतयारी, ताईसाहेब," तो म्हणाला. "मी नसताना साहेबांची गैरसोय नको."

"तू कुठे चाललास?"

त्याने खाली उतरून मला बातमी वाचून दाखवली. 'वयोवृद्ध यंत्रमानव विधेयक' नावाचं काहीतरी सरकारने विधानसभेत मांडलं होतं. त्याच्या सातव्या खंडात लिहिलं होतं, 'पंचवीस वर्षांहून अधिक वयाचे सर्व यंत्रमानव जमा करून घेण्यात येतील व त्यांची स्मृती नष्ट करण्यात येईल.' कारण असं, की एका गावात एक जुना यंत्रमानव एका आजारी माणसाला पलंगावरून उठवत होता, आणि मधेच त्याचं कोपर अडकलं. तो माणूस पडला. त्याचं कमरेचं हाड मोडलं.

मला त्या माणसाचं तेव्हा काहीही वाटलं नाही, खरं सांगते. मला एवढंच दिसलं, की दौलतचा स्मृतिकोश पुसला तर त्यातले आबाजीही पुसले जाणार. मग सकाळी त्यांना कोण सांगणार, वासू कोण ते?

मी धावत जाऊन आबाजींच्या हत्यारांच्या डब्यातून कानस आणली आणि दौलतच्या पाठीवर कोरलेलं त्याच्या जन्माचं साल खरवडायला लागले. त्याने मला करू दिलं. चार-पाच वेळा कानस फिरवल्यावर म्हणाला, "ताईसाहेब, साल खोडता येईल. पण कोणी विचारलं, तर मी खरं सालच सांगीन."

"काहून? खोटं बोल ना एकदा!"

"एकोणीस वर्षं मी कायद्याचे कागद छातीशी धरून नेले. त्यांनाच कसं फसवू?"

माझ्या हातातली कानस पडली आणि मी भोकाड पसरलं. दौलतने खांद्यावरच्या फडक्याने माझे डोळे पुसले. फडकं धुळीचं होतं, तरी मी तोंड पुढे केलं.

थोडं रडून झाल्यावर मी विचारलं, "कधी न्यायला येणार?"

"ते ठरायचं आहे. कायदा अजून झालेला नाही. आत्ता ते फक्त विधेयक आहे (म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा)."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "न झालेल्या कायद्यासाठी तू अख्ख्या घराला चिठ्ठ्या लावून बसलास? अरे, मग तो थांबव ना! बदल ना!"

दौलतच्या डोक्यातून बारीक घुर्रर आवाज यायला लागला. काही नवीन विचार करायचा असला की तो आवाज येतो. "मी कागद वाहतो, ताईसाहेब," तो म्हणाला. "बदलत नाही. असं कधी सुचलंच नाही."

घ्या! एकोणीस वर्षं कायदा होताना समोर पाहिला, सगळ्या पायऱ्या तोंडपाठ, आणि त्यातल्या एखाद्या पायरीवर आपणही उभं राहू शकतो, हे याच्या गावीच नाही!

"मग बदलतं कोण? न्यायाधीश ना? मी त्यांनाच पत्र लिहिते."

"न्यायाधीश आत्ता काही करू शकणार नाहीत. बसा इथे. उदाहरण म्हणून आपल्या घरची रविवारची सभा घ्या."

रविवारची सभा ही दौलतचीच आयडिया. दर रविवारी सकाळी पोहे खाता खाता आम्ही आठवड्याचं ठरवतो आणि दौलत ते वहीत लिहितो. त्या वहीचं पहिलं पान आबाजींनी अगदी सुरुवातीला लिहिलंय. 'या घरात कोणीही कोणाला एकटं पाडणार नाही. प्रत्येकाचं ऐकून घेतलं जाईल.' खाली तिघांच्या सह्या. माझी सही म्हणजे एक मांजर आहे, कारण तेव्हा मी चार वर्षांची होते.

"मागच्या महिन्यात सभेत काय ठरलं होतं?" दौलतने विचारलं.

"रामटेकला जायचं."

"तिघांनी बोलून ठरवलं. राज्यात हे काम विधानमंडळ करतं (लोकांनी निवडून दिलेले सदस्य जिथे कायदे ठरवतात ते). मग गाडी कोणी काढली, डबे कोणी भरले?"

"आईने."

"ठरलेलं अमलात आणायचं, हे सरकारचं काम. मुख्यमंत्री, मंत्री आणि त्यांच्या हाताखालची सगळी खाती. त्याला कार्यकारी मंडळ म्हणतात. मग वाटेत काय झालं?"

"आईने गाडी मावशीकडे वळवली! मी किती ओरडले!"

"आपण ओरडलात. मग साहेबांनी वही मागवली, वाचली आणि सांगितलं, रामटेक ठरलंय, रामटेकलाच चला. हे न्यायमंडळ (कायद्याचा अर्थ लावणारं आणि तंटा सोडवणारं). आता विचार करा, तिन्ही कामं वासंतीताईंकडेच असती तर?"

"तीच ठरवणार, तीच करणार, आणि तिची तक्रार तिच्याकडेच! आपल्याकडे पुष्कळदा तसंच असतं."

"म्हणून तर आपण सभा घेतो," दौलत गंभीरपणे म्हणाला. "आणखी एक आठवा. एकदा आपण आणि ताईंनी मिळून ठरवलं होतं, की जत्रेला जायचं आणि साहेबांना घरी ठेवायचं. दोन विरुद्ध एक. बहुमत होतं."

मला आठवलं आणि लाजच वाटली. त्या दिवशी दौलतने वहीचं पहिलं पान उघडून आमच्यासमोर धरलं होतं. 'कोणीही कोणाला एकटं पाडणार नाही.' मग आम्ही तिघंही गेलो, आणि सगळ्यात जास्त जिलब्या आबाजींनीच खाल्ल्या.

"ते पहिलं पान म्हणजे संविधान," दौलत म्हणाला. "बहुमताने केलेला कायदाही त्याच्या विरुद्ध जात असेल, तर न्यायालय तो रद्द करतं. पण त्यासाठी आधी कायदा व्हावा लागतो आणि कोणाला तरी दाद मागावी लागते. न्यायालय आपणहून मसुद्यात बोट घालत नाही."

"थांब थांब," मी म्हटलं. मला एक शंका आली होती. "मंत्रीपण सभागृहात बसतात ना? आम्ही शाळेच्या सहलीला विधानभवनात गेलो तेव्हा मी पाहिलंय. मग वेगळेपणा कसला? तेच ठरवणार, तेच करणार!"

दौलतचे डोळे चमकले. म्हणजे, दिवे मोठे झाले. "उत्तम प्रश्न! संसदीय लोकशाहीची गंमतच ही आहे. आपण मुख्यमंत्र्यांना थेट निवडत नाही. आपण आमदार निवडतो. त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा ज्यांच्यावर विश्वास, ते मुख्यमंत्री होतात आणि ते आपले मंत्री घेतात. म्हणून सरकार रोज सभागृहाच्या नजरेसमोर असतं. प्रश्नोत्तराच्या तासाला कोणताही सदस्य उठून विचारू शकतो, हे असं का केलंत? मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं. आणि सभागृहाचा विश्वास उडाला, तर अविश्वासाचा ठराव येतो आणि सरकारला जावं लागतं. न्यायालय मात्र या दोघांपासून दूर, वेगळं बसतं."

"बरं, आणि आपला कागद आत्ता कुठेय?"

"सांगतो. विधेयक मांडलं, ते पहिलं वाचन. दुसऱ्या वाचनात त्याचा एकेक खंड (म्हणजे एकेक कलम) सोलून पाहतात आणि सदस्य सुधारणा सुचवतात (मसुद्यात करायचे बदल). तिसऱ्या वाचनात सगळ्यावर मिळून मत घेतात. मग तोच कागद दुसऱ्या सभागृहात जातो. विधानसभेतून विधान परिषदेत, तो मी न्यायचो. तिथेही संमत झाला, की राज्यपालांकडे सहीला. आणि सही होऊन राजपत्रात छापला (सरकार आपल्या आज्ञा ज्यात छापतं ते पत्र), की झाला कायदा. पण कधी कधी विधेयक अवघड असलं, की मधेच ते एका समितीकडे सोपवतात. दोन्ही सभागृहांचे थोडे थोडे सदस्य बसतात आणि लोकांना विचारतात, तुमचं काय म्हणणं? आपलं विधेयक तिथे आहे."

"लोकांना विचारतात? म्हणजे आपल्याला?"

"हरकती व सूचना पाठवण्याची मुदत," दौलत सावकाश म्हणाला आणि तो घुर्रर आवाज एकदम वाढला, "शुक्रवारपर्यंत आहे."

मी वही ओढलीच. पण लिहायचं काय? 'आमच्या दौलतला नेऊ नका, मला वाईट वाटेल'? तेवढ्यात आबाजी खोलीतून बाहेर आले. ऐकत होते वाटतं. त्यांनी बातमी वाचली, पुन्हा वाचली, आणि त्यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा, वर्गात शिकवतात तसा झाला.

"हा काय अडाणीपणा! कोपर अडकलं म्हणजे मोटार झिजली. मोटार हातात असते. स्मृतिकोश छातीत असतो. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. चूक हाताची आणि शिक्षा डोक्याला?"

"आबाजी! हेच लिहायचं!" मी उडीच मारली.

आम्ही लिहिलं. आबाजींनी हात आणि स्मृतिकोश यांची आकृती काढून दिली. संध्याकाळी आई आली, तिने सगळं वाचलं, डोळे पुसले आणि मग माझ्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढल्या. शुक्रवारी पत्र गेलं.

आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं! समितीने आबाजींना साक्षीला बोलावलं होतं (आपल्याला माहीत आहे ते समितीपुढे सांगायला). 'सोबत नात व संबंधित यंत्रमानव यांनी हजर राहिल्यास चालेल.'

समितीची खोली काही फार मोठी नव्हती. लांब टेबल, पंधरा-वीस माणसं, मधोमध समितीच्या अध्यक्षा, आमदार सुलभाताई मसराम. आत शिरताच दौलत सवयीने भिंतीपाशी जाऊन ताठ उभा राहिला आणि टेबलावरचे कागद उचलायला हात पुढे केला. दोघं-तिघं जुने सदस्य हसले. "अरे, दौलत! तुझी जागा कोणी घेतली नाही रे अजून."

आबाजी छान बोलायला लागले. हाताची मोटार, छातीतला स्मृतिकोश, आकृती दाखवून. मग एका सदस्यांनी विचारलं, "देवतळे साहेब, पण जो माणूस पडला, त्याचं काय? ते गृहस्थ आजही काठी घेऊन चालतात. उद्या तुमच्याच घरी तुम्ही पडलात तर?"

मी पहिल्यांदाच त्या माणसाचा विचार केला. त्यालाही नात असेल. तीही रडली असेल. माझे कान तापले.

"बरोबर आहे," आबाजी म्हणाले. "त्यावर उपाय असा, की..."

आणि ते थांबले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, हातातल्या आकृतीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून सगळं निघून जाताना मला दिसत होतं. "मी..." ते हळूच म्हणाले, "मी इथे कशाला आलोय?"

मी दौलतकडे पाहिलं. बोल ना, दौलत! रोज सकाळी बोलतोस तसं बोल! पण तो भिंतीपाशी नुसता उभा. त्याच्या डोक्यातून घुर्रर आवाज येत होता, पण तोंडातून शब्द नाही. आणि माझ्या लक्षात आलं. कागद वाहणाऱ्याने आत बोलायचं नसतं. एकोणीस वर्षांत तो त्या खोल्यांमध्ये एक अक्षर बोलला नव्हता. आबाजींना घाबरलेलं पाहून त्याचा जीव तुटत होता, पण नियम मोडणं त्याच्या रक्तात, म्हणजे त्याच्या तारांमध्ये, नव्हतंच.

मी किंचाळणारच होते. पण मग रविवारची सभा आठवली. एका वेळी एकाच सदस्याने बोलावे. मी हात वर केला.

"बोल बाळा," सुलभाताई म्हणाल्या.

"अध्यक्ष महोदया, आमच्या दौलतला बोलायची परवानगी द्यावी. तुम्ही दिल्याशिवाय तो बोलणार नाही."

सुलभाताईंनी दौलतकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "परवानगी आहे, दौलत."

दौलत करकरत आबाजींपाशी गेला आणि वाकून, अगदी रोजच्यासारखं म्हणाला, "साहेब, आज सोमवार. आपण विधानभवनात आहात. घाबरण्यासारखं काही नाही. डावीकडे मैथिली आहे, आपली नात. ती झाली तेव्हा आपण एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून दवाखान्यात धावला होतात. आपण या मंडळींना सांगत होतात, की माणूस पडू नये म्हणून काय करावं."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "चप्पल आणि बूट," ते म्हणाले. "हो! आणि बूटही उलट्या पायातला." मग ते ताठ झाले. "हं. तर उपाय असा. दर वर्षी हातांची परीक्षा घ्या. नापास झाले, तर हात काढून घ्या, कोणाला उचलायचं काम त्यांच्याकडे ठेवूच नका. पण स्मृती ज्या घराची आहे, त्या घराला राहू द्या. आत्ता तुम्ही पाहिलंत ना, माझी कुठे ठेवलेली आहे ते."

काठीवाल्या माणसाबद्दल विचारणारे सदस्य चष्मा पुसत बसले होते.

कायदा व्हायला पुढे वर्ष गेलं. मला वाटायचं, किती हा उशीर! पण दौलत म्हणायचा, "भाजी पटकन निवडली की त्यात अळी राहते, ताईसाहेब." पुढच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक समितीकडून परत सभागृहात आलं, तेव्हा आम्ही वरच्या प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. सातव्या खंडावर सुलभाताईंनी आबाजींच्या उपायाचीच सुधारणा मांडली. सभागृहाचे अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." आणि खालून असा मोठा "होय" आला की दौलतने माझा हात घट्ट धरला. मग कागद विधान परिषदेत गेला, राज्यपालांकडे गेला, सही झाली. राजपत्र आलं त्या दिवशी आईने पुरणपोळ्या केल्या.

मी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. माठावरची तेवढी ठेवली, ती फारच छान होती.

आणि मग, दोन महिन्यांनी, सरकारी खात्याचे दोन तंत्रज्ञ आमच्या घरी आले. हातांची परीक्षा घ्यायला. दौलतने वाळूची पिशवी उचलली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याचं डावं कोपर अडकलं. मग उजवंही.

"नापास," एक तंत्रज्ञ हळू आवाजात म्हणाला. "हात काढावे लागतील."

"नाही!" मी मधे उभी राहिले. "त्याने कधी कोणाला पाडलं नाही! जरा तेल घाला, पुन्हा घ्या परीक्षा!"

"ताईसाहेब," दौलत म्हणाला, "हा आपणच मागितलेला कायदा आहे. काठी घेऊन चालणाऱ्या त्या गृहस्थांसाठीही."

मी बाजूला झाले. त्यांनी पेच सैल केले. हात निघताना दौलतने मला सांगितलं, "खांद्यावरचं फडकं तेवढं आपण घ्या. साहेबांचा चष्मा रोज पुसावा लागतो." तेव्हापासून ते काम माझं आहे. सकाळी दौलत बोलतो आणि मी करते. "साहेब, आज शनिवार," तो म्हणतो, आणि मी बंडी पुढे धरते.

त्यानंतरच्या रविवारी पोहे खाताना मी ठराव मांडला. "दौलतला या घराचा सदस्य करून घ्यावे. त्याला मत असावे." खरं म्हणजे सात वर्षं, नाही, आता आठ वर्षं तो आमच्या सगळ्या सभा लिहीत आला होता आणि त्याला एकदाही मत नव्हतं. आमच्या कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता तर वहीही मीच लिहीत होते.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावे," मी म्हटलं. माझा हात वर झाला, आईचा झाला. आबाजी अलीकडे फार बोलत नसत. खिडकीबाहेर बघत बसले होते. ऐकलं तरी का, कोणास ठाऊक. मी दोन मतं लिहायला पेन्सिल उचलली. दोन म्हणजे बहुमत झालंच होतं. पण माझं मन काही भरलं नाही.

तेवढ्यात आबाजी वळले. त्यांनी दौलतच्या रिकाम्या खांद्यांकडे बराच वेळ पाहिलं. आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"एक माझा," ते म्हणाले, "आणि एक याचा."

आईने तोंडाला पदर लावला. मला वहीतलं काही दिसेना. दौलतच्या डोक्यातून घुर्रर घुर्रर आवाज यायला लागला, आणि तो किती तरी वेळ थांबेचना.

"माफ करावे," शेवटी तो म्हणाला, "ठराव संमत होईपर्यंत मला मत नाही. साहेबांचा एकच हात मोजावा."

मी एकच मोजला. नियम म्हणजे नियम. मी लिहिलं, 'तीन मतांनी संमत.' खाली आज हजर सदस्य म्हणून नावं लिहिली. वासंती, मैथिली, विश्वनाथ, आणि चौथं दौलत.

मला राज्याच्या निवडणुकीत मत द्यायला अजून सहा वर्षं आहेत. मी दिवस मोजते आहे. दौलत म्हणतो, तोपर्यंत विधेयकं वाचत राहावं, शुक्रवारची मुदत चुकवू नये. आणि मी विचारलं, की एखाद्या दिवशी मी खालच्या त्या सभागृहात बसले तर? तर तो म्हणाला, "मग आपला कागद दुसऱ्या सभागृहात न्यायला मी येईन, ताईसाहेब. फक्त तो माझ्या छातीशी कोणाला तरी बांधावा लागेल."

"लाल फडक्यात," खिडकीतून आबाजी म्हणाले.